हिशेबाबाहेरची कुंडी

शेतकऱ्याच्या घरात प्रत्येक झाडाला हिशेब द्यावा लागतो. कपाशीने क्विंटलचा द्यायचा, उसाने टनाचा, मोसंबीने कॅरेटचा. दारातल्या शेवग्याने शेंगांचा आणि कडुनिंबाने निदान सावलीचा तरी. जे झाड हिशेब देत नाही ते उन्हाळ्यात सगळ्यांच्या डोळ्यावर येतं, कारण पाणी मात्र तेही पितं. त्यामुळे आमच्या तीर्थपुरीसारख्या गावात ओसरीच्या कडेला लव्हेंडरची कुंडी ठेवायची म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायची मुभा देऊन ठेवायची: "काय कामाचं हाय ते?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. विकायच्या कामाचं नाही, आणि तेच त्याचं मोठं सुख आहे.

तर मंडळी, आज थोडी वकिली करणार आहे. एका कुंडीच्या बाजूने आणि एका एकराच्या विरोधात. कुंडीची बाजू आधी मांडते, एकराचं प्रकरण शेवटी. (माझा भाचा हे वाचतोय, हे मला ठाऊक आहे. बाबा रे, मधलं गाळून खाली उडी मारू नकोस. मधलं वाचल्याशिवाय शेवटचं पटायचं नाही.)

आपल्यापैकी बहुतेकांची लव्हेंडरशी ओळख होते ती फरशी पुसायच्या जांभळ्या बाटलीतून, नाहीतर गाडीत टांगलेल्या त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यातून. मलाही लव्हेंडर म्हणजे एक रंग आणि डोकं धरणारा एक वास, एवढंच माहीत होतं. खरं झाड त्या बाटलीशी फारसं नातं सांगत नाही. राखाडी-हिरवी, अरुंद पानं, वीतभर-हातभर उंची, आणि लांबून काहीच वास नाही. पान बोटांत चुरडलं की मग येतो. आधी कापरासारखा थंड, मग थोडा निलगिरीसारखा, आणि बोटांवर बराच वेळ राहतो तो गोडसर. हा शेवटचा वास कुठल्याही बाटलीत मला अजून मिळालेला नाही.

माझं झाड मामेबहिणीने पुण्याच्या एका रोपवाटिकेतून आणलं, एसटीत मांडीवर घेऊन. त्याला आता तीन वर्षं झाली. पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दात आहेत, म्हणजे हे 'डेंटाटा' जातीचं, ज्याला फ्रेंच लव्हेंडर म्हणून विकतात. चित्रात दिसतात ती जांभळी शेतं बहुतेक 'अँगुस्टिफोलिया' म्हणजे इंग्लिश लव्हेंडरची किंवा त्याच्या संकराची असतात. इंग्लिश लव्हेंडरला चांगला फुलोरा यायला थंडी लागते, खरीखुरी, हाडात शिरणारी. आमच्याकडे पौषातल्या चार रात्री शेकोटी करावी लागते, पण तेवढ्याने त्याचं भागत नाही. डेंटाटाला थंडीची तेवढी गरज नसते आणि उष्णताही ते बरी सोसतं. म्हणून मराठवाड्यात कुणाला ठेवायचंच असेल तर दातेरी पानाचं बघून घ्या. फुलं मोजकीच येतात. माझ्याकडे गेल्या माघात पाच तुरे आले, आणि मी ते पाचही जणांना बोलावून दाखवले.

लव्हेंडर म्हणजे नाजूक, साहेबी, लाडावलेलं झाड, असा एक समज आहे. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. भूमध्य समुद्राच्या काठच्या दगडगोट्यांच्या उतारांवरचं हे झाड. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पानावरची ती राखाडी लव पाणी उडून जाऊ नये म्हणून असते. त्याला पाण्याची टंचाई कळते, आपल्याहून चांगली कळते. त्याला कळत नाही तो आपला पावसाळा. उन्हाळा संपल्यावर वरून चार महिने ओल आणि खालून चिकट काळी माती, हे त्याच्या मुळांच्या कल्पनेतच नाही. आपल्याकडे लव्हेंडर उन्हाने मरतं त्याहून जास्त प्रेमाने मरतं. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालणारं माणूस घरात असलं, की दोन महिन्यांत मुळं कुजलीच म्हणून समजा.

आमच्या काळ्या मातीचा एक गुण त्याला मानवतो, ती चुनखडीची असते. बोअरच्या जड पाण्याचंही त्याला फारसं वावडं नाही. पण कपाशीला जी माती सोन्यासारखी, ती ओल धरते म्हणूनच सोन्यासारखी, आणि लव्हेंडरला नेमकं तेच नको. म्हणून कुंडीचं मिश्रण असं करते: एक भाग माती, दोन भाग जाड वाळू आणि चाळलेला मुरूम, मूठभर जुनं शेणखत. तळाला विटेचे तुकडे. कुंडी मातीचीच हवी, प्लास्टिकची नको, कारण मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर पडते. सकाळचं ऊन भरपूर, आणि मार्च उजाडला की दुपारी सावली. बोट दोन पेरं आत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही बुडाशी, पानांवर नाही. रासायनिक खत अजिबात नाही. खत खाल्लेलं लव्हेंडर हिरवंगार आणि लुसलुशीत होतं आणि वासाला फिकं पडतं.

आणि मृग लागला की कुंडी उचलून ओसरीवर, छपराखाली. वारा लागेल पण पाऊस लागणार नाही अशा जागी. दसऱ्यापर्यंत मुक्काम तिथेच. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळा खटला उभा आहे.

बियांपासून करायच्या भानगडीत पडू नका. त्या रुजायला फार वेळ घेतात, काही जातींच्या बिया आधी फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे ठेवाव्या लागतात, आणि इतकं करून कोंब येतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काडी लावणं सोपं. दिवाळीच्या सुमाराला, फूल नसलेली तीन-चार इंचांची कोवळी फांदी, खालची पानं काढून ओलसर वाळूत खोचायची. महिना-दीड महिन्यात मूळ धरते. छाटणी करायची ती हिरव्या भागाची, म्हणजे झाड बसकं आणि गच्च राहतं. जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून पुन्हा फुटवा येत नाही.

आता घरातल्यांचं ऐका.

आमच्या सासूबाई पंच्याऐंशीच्या घरातल्या. डोळ्यांना आता फारच कमी दिसतं. कुंडी आली त्या दिवशी त्यांनी पान चुरडून नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "कापरावाणी वास यायलाय की गं ह्याला. देवाचं हाय का?" देवाचं नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "मग खायाचं हाय का?" तेही नाही म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच दांडा चाचपून सांगितलं, "तुळशीच्या गोतातलं दिसतंय. दांडा चौकोनी लागतोय."

बरोबर ओळखलं होतं त्यांनी! तुळस, सब्जा, मरवा, पुदिना, पानओवा आणि लव्हेंडर ही सगळी एकाच कुळातली. कोवळ्या दांड्यावरून बोट फिरवा, चार कडा लागतात. वनस्पतिशास्त्राची पुस्तकं जे लिहितात ते त्यांनी बोटांनी वाचलं.

हे गोत आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. खुद्द लव्हेंडरच्या प्रजातीतली दोन झाडं आपल्या मातीत आपसूक उगवतात. 'लव्हॅन्डुला बायपिनाटा' दख्खनच्या माळांवर आणि डोंगरउतारांवर पावसाळा सरता सरता फुलतं. पिसासारखी चिरलेली पानं आणि वर फिकट तुरे. दुसरं 'लव्हॅन्डुला गिब्सोनाय', सह्याद्रीतलं. जॉन ग्रॅहमच्या १८३९ सालच्या मुंबई परिसरातल्या वनस्पतींच्या यादीत त्याचं हे नाव आलं, ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून. हे गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. म्हणजे आपल्या डोंगरावर लव्हेंडर होतं, आहे, आणि आपण ते तुडवत पुढे जाऊन जांभळी बाटली विकत आणतो. असो.

मला लव्हेंडर इतकं आपलं वाटायचं आणखी एक कारण आहे. आपल्या बायकांची वासाची आवड पूर्वीपासून फुलांइतकीच पानांची आहे. अबोलीला वास नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. अबोलीच्या गजऱ्यात जो वास येतो तो मध्ये गुंफलेल्या मरव्याचा नाहीतर दवण्याचा. चैत्रात देवाला दवणा वाहायचा तोही पानासकट काडीचा. माझ्या आईच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर मरवा आणि गवती चहा होता. त्या मरव्याचा भाव काय, किती निघाला, कुणाला विकला, असं वडिलांनी एकदाही विचारलं नाही. घरातल्या प्रत्येक दाण्याची वही लिहिणारा तो माणूस. पण मरवा त्या वहीत नव्हता. तो आईचा होता.

माझी कुंडी त्याच मरव्याची वारस आहे. फुलं आली नाहीत तरी तिचं काही अडत नाही, कारण पान आहे.

आता "वापर काय" ते सांगते, म्हणजे निव्वळ हवेतल्या गप्पा वाटायला नकोत. :-)

छाटलेल्या काड्या जुडी बांधून सावलीत उलट्या टांगते. वाळल्या की पानं ओरबाडून जुन्या मलमलच्या कापडाच्या पुरचुंड्या करते. त्या ट्रंकेत, नऊवारी आणि शालींमध्ये. पूर्वी तिथे वाळा आणि नागरमोथा असायचा, मग डांबरगोळ्या आल्या, आणि डांबरगोळीच्या वासाची साडी नेसून लग्नाला जायचं म्हणजे काय शिक्षा असते ते विचारू नका. लव्हेंडरने कसर मरत नाही, दूर राहते इतकंच. म्हणून साड्यांना वर्षातून दोनदा ऊन दाखवावंच लागतं, आणि पुरचुंडीही तेव्हाच बदलायची. एक पुरचुंडी उशीच्या अभ्र्यात. आंघोळीच्या गरम पाण्यात कधीतरी एक जुडी. फरशी पुसायच्या पाण्यातही उकळलेल्या काड्यांचं पाणी घालून पाहिलं, छान वाटतं.

खाण्यात मात्र माझं हे झाड वापरत नाही. चहात, बिस्किटात घालतात ते इंग्लिश लव्हेंडर. दातेरी जातीत सिनिओल, म्हणजे निलगिरीत असतं तेच द्रव्य, आणि थोडा कापूर असतो, त्याचा चहा म्हणजे सर्दीचं औषध प्यायल्यासारखं होईल. इंग्लिश लव्हेंडरच्या गोडसर वासामागे लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही मुख्य द्रव्यं. गंमत म्हणजे लिनालूल आपल्या धण्यातही भरपूर असतं. धणे कुटताना जो पहिला गोड वास येतो ना, तो बराचसा त्याचाच. मिसळणाच्या डब्यात नातेवाईक सापडला की परकं माणूस लगेच घरातलं होतं.

झोपेबद्दल विचाराल तर जपून सांगते. जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेवरचं औषध म्हणून मिळते आणि तिच्या चाचण्याही झालेल्या आहेत. पण तिथलं ते मोजून-मापून केलेलं औषध आणि माझ्या उशीतली पुरचुंडी यांची बरोबरी करणं बरं नाही. पुरचुंडीने झोप येते असं मी म्हणणार नाही. झोप येत नसताना नाकाला काहीतरी चांगलं मिळतं, एवढं नक्की.

आणि एक उपयोग असा झाला की जो कुणी ठरवलेला नव्हता. सासूबाई ओसरीवरून न्हाणीकडे जाताना हाताने कुंड्या चाचपत जातात. आधी तुळस, मग मरवा, मग लव्हेंडर, तिथे पायरी, आणि पायरीच्या खाली गवती चहा. बोटांना लागलेल्या वासावरून त्यांना कळतं आपण कुठवर आलो ते. लव्हेंडरचा कापूर हाताला लागला की त्या थांबतात आणि पाय चाचपून खाली टाकतात. पूर्वी कुणीतरी हात धरायला लागायचं. आता "येते मी माझी माझी" म्हणतात. मृगात कुंडी छपराखाली सरकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी बजावलं, "लय लांब नेऊ नको, पायरीपाशीच ऱ्हाऊ दे." आता हा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा, सांगा.

हं. आता एकराचं प्रकरण.

भाचा गेल्या महिन्यात आला होता. बहिणीच्या घरी दोन एकर मोसंबीची बाग होती. आमच्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या आणि लोकांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडून सरपण केलं. बहिणीचीही त्यातलीच. तेव्हापासून त्या तुकड्यात कपाशी-सोयाबीन चालू आहे, वरखर्च वजा जाता हाती फार काही उरत नाही. भाच्याने मोबाइलवर जम्मूच्या जांभळ्या शेतांचे व्हिडिओ पाहिले. मग कुणीतरी भेटलं. रोपं आम्ही देतो, माल आम्हीच परत घेतो, एकरी लाखांत सुटतात. नुसता विचार चाललाय म्हणाला, पण आवाजावरून विचार बराच पुढे गेलेला वाटला. आणि माझ्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, तुझ्याच दारात आलंय की! मग वावरात कामून यायचं नाही?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देते.

जम्मूचं खरं आहे. डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहच्या खोऱ्यात मक्याची शेती करणारे अनेक शेतकरी लव्हेंडरकडे वळले. सीएसआयआरच्या 'अरोमा मिशन'मधून, जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनच्या हातून २०१६ नंतर हे वाढत गेलं, 'जांभळी क्रांती' असं नाव पडलं, २०२२ च्या मे महिन्यात तिथे लव्हेंडरचा उत्सवही झाला. पण भद्रवाह समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. आमचं गाव पाचशे मीटरच्या आतबाहेर, आणि मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकतो. शिवाय तिथे संस्थेने शेतकऱ्यांना रोपं फुकट दिली आणि तेल काढायचे बंब जवळ बसवून दिले. तुला जो भेटलाय तो रोपं विकतोय. त्याची कमाई रोप विकलं त्याच दिवशी होणार आहे. तुझी व्हायची असेल तर तीन वर्षांनी.

तेल निघतं ते प्रामुख्याने फुलांतून. थंडी नाही म्हणून फुलोरा नाही, फुलोरा नाही म्हणून तेल नाही, तेल नाही तर परत घ्यायला माल कुठला? मग करारातलं "गुणवत्तेप्रमाणे" हे एक बारीक अक्षर पुरतं. सफेद मुसळीच्या वेळी आपल्या भागात काय काय झालं ते तुझ्या वडिलांना विचार, ते सांगतील.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. माझी कुंडी मृगात ओसरीवर जाते. एकर उचलून ओसरीवर आणता येत नाही. माझ्या दारात ते जगलं, कारण मी त्याला पावसापासून, काळ्या मातीपासून आणि दुपारच्या उन्हापासून, म्हणजे थोडक्यात आपल्या गावापासून, वाचवून ठेवलंय. कुंडी हा पुरावा आहे खरा, पण तुझ्या बाजूचा नाही.

याचा अर्थ वासाचं पीक आपल्याकडे होतच नाही असा मुळीच नाही. खानदेशात रोशा गवताचं तेल काढायचा मोठा धंदा होता, १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये त्याचं वर्णन आहे. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून वापरलं जायचं! (आपल्या गवताने गुलाबाची जागा घेतली, याचा अभिमान बाळगावा की नाही ते तुम्ही ठरवा.) पण ते गवत इथल्याच उन्हापावसात वाढलेलं होतं. गवती चहा, वाळा हेही इथले. तेही लाव असं मी म्हणत नाही, त्यांच्याही बाजाराची चौकशी लागतेच.

तेव्हा पैसे देण्याआधी त्या माणसाला चार गोष्टी विचार. जात कोणती, वनस्पतिशास्त्रातल्या नावासकट. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या परभणी-बीडमध्ये दोन पावसाळे काढलेलं एखादं शेत आहे का, असेल तर मला आणि तुला नेऊन दाखव. तेल काढायचा बंब कुठे आहे आणि तिथवर गाडीभाडं कुणाचं. आणि परत घेण्याचा भाव कागदावर, सहीशिक्क्याने. यातल्या एकाही प्रश्नाला "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लाव. त्यानंतर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, नाहीतर परभणीला विद्यापीठात. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत. माझ्यासारख्या निवृत्त मास्तरीणबाईच्या बोलण्यावर तरी का विसंबायचं?

तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. दोन एकरांचा हिशेब जुळत नाही तेव्हा मावशी कुंडीतल्या वासाच्या गोष्टी सांगते, असं वाटेल. पण बाळा, हिशेब जुळवायची सगळी जबाबदारी वावरावर असते म्हणूनच घरात एखादी गोष्ट त्यातून सुटलेली असावी लागते. तुझ्या आजीच्या काळात तो मरवा होता. लव्हेंडरलाही पिकाच्या रांगेत उभं केलंस, तर ते आणखी एक कर्जाचं झाड होईल. मग त्याचा वास आला की तुला हप्ता आठवेल.

बाकी ज्यांना कुंडीपुरतंच हवंय त्यांच्यासाठी: दिवाळीला येणार असाल तर आधी कळवा, काड्या वाळूत खोचून ठेवते. मागच्या वेळी सात रुजल्या, पाच वाटल्या. ज्यांच्याकडे जागा एकाच कुंडीची आहे त्यांनी मरवा न्या, तो जास्त सोपा आणि गजऱ्यातही चालतो. भाच्यासाठी एक लव्हेंडर वेगळं काढलेलं आहे. त्याचे पैसे नाहीत, आणि माल परत घेतला जाणार नाही.

ता. क. लव्हेंडरचं बाटलीतलं तेल पोटात घ्यायचं नसतं, लहान मुलांच्या हाताशी ठेवायचं नसतं, आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यांना लावायचं तर मुळीच नसतं. धाकट्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं होतं, म्हणून इथेच सगळ्यांसाठी लिहून टाकलं.